पावणेतीन किलो

हंसापुरीत दौलत मिस्त्रीने माझं माप घेतलं
शिंप्यासारखं, कानामागे पेन्सिल खोचून:
कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत,
गालाच्या हाडापासून खांद्याच्या खळग्यापर्यंत.
"श्वास घ्या जी. सोडा. आता घेऊच नका."
बासष्ट वर्षांत ब्लाउजखेरीज
माझ्या मापाचं कोणी काही केलं नव्हतं.

बाबांची रायफल पाच किलोची.
त्यांच्या खांद्याच्या, त्यांच्या मिशांच्या,
त्यांच्या मित्रांच्या हसण्याच्या मापाची.
मी ती वीस वर्षं कुहीच्या शेतावर वागवली,
दर हरभऱ्याला खांद्यावर एक जांभळं बोर घेऊन परतले
आणि पीटीच्या तासाला हात वर होईना
तेव्हा मुलींना सांगितलं, दारात आपटले.

अकरा महिने लागले.
एप्रिलात लाकूड तडकतं म्हणून काम बंद,
पावसात फुगतं म्हणून बंद,
मध्ये त्याच्या नातीचं लग्न, मध्ये मोतीबिंदू.
मी शनिवारी जायची, तर्री-पोहे खाऊन,
तो भुसा दाखवायचा:
"हे पाहा, आज इतकं कमी केलं."
अक्रोडाचा भुसा, कागदाच्या पुडीत, अंगाऱ्यासारखा.
कुंद्याचं पोट त्याने कोरून काढलं,
नळीवर लांब पन्हळी पाडल्या,
बोल्टची मूठसुद्धा पोखरली.
"आणखी काय काढता येईल?"
"आता फक्त तुमची घाई."

झाली त्या दिवशी त्याचा काटा बिघडलेला.
शेजारच्या संत्रेवाल्याचा तराजू मागवला.
एका पारड्यावर ती, आडवी, फडक्यात गुंडाळून,
दुसऱ्यात दोन किलो, अर्धा, पाव.
दांडी सरळ झाली.
संत्रेवाला म्हणाला, "बाप्पा,
इतक्यात तं सोळा नग येते."

परवाना, पावती, ठाण्यातली नोंद.
धरमपेठेपर्यंत रिक्षात मांडीवर पेटी.
"बॅट घेतली काय मॅडम, नातवासाठी?"
"माझ्यासाठी," मी म्हटलं.

रात्री पंखा बंद करून
रिकामीच खांद्याला लावली,
भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशीवर नेम धरला.
टोक हलत होतं.
श्वासासोबत वर,
नाडीसोबत डावीकडे, तिळाएवढं:
एकादशी, द्वादशी, एकादशी.
बाबांची कधी हलली नव्हती.

सोमवारी तणतणत परत गेले.
दौलतने ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
"ते जुनी तुम्हाले हलूच देत नव्हती जी.
तिचं वजन होतं. इच्यात वजन कुठं हाय?
इच्यात तुम्हीच तुम्ही."
मग चहा मागवला, माझ्याच पैशांनी.

डिसेंबर. वनखात्याचा कागद
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, स्वेटरच्या आत.
मचाणावर मी आणि वनरक्षक टेकाम,
त्याच्या मफलरला विडीचा वास.
साडेचारला हरभऱ्यात काळं काही हललं,
एक काळं, मग तीन, मग मोजणं सोडलं.
श्वास घेतला. सोडला. घेतला नाही.
टोक हललं. हलू दिलं.
ते फिरून कुठे येतं
ती जागा आता मला ठाऊक होती.

धक्का बसला, जुनीपेक्षा जोरात.
हलकं आहे ते जोरातच मारतं,
हेही त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.
नर होता. एका कानाला जुनी चीर,
कधीचीच भरून आलेली.
पंचनामा, दोन सह्या, एक अंगठा,
बांधाशी खड्डा, रॉकेलचा डबा.
टेकाम म्हणाला, "नेम चांगला बसला."
मी हातमोजे शोधत होते, ते हातातच होते.

उजाडल्यावर पंपघराच्या आडोशाला
पदर सारून खांदा पाहिला.
बोर होतंच, तसंच जांभळं.
फक्त बोटभर खाली.